कुलूप शाबूत होतं

सायकलच्या कुलपांबद्दल काही विचारायचं असेल तर नवीन पनवेलमध्ये खुशाल माझ्याकडे यावं. ही फुशारकी नाही. साखळी कुठली घ्यावी, ती कशातून ओवावी, किल्लीचं भोक जमिनीकडे का असावं, हे सगळं मी झोपेतही सांगू शकतो. इतकं उत्तम कुलूप लावून सायकल घालवणारा माणूस आपण आजवर पाहिला नव्हता, असं खुद्द हवालदारांनी माझ्याबद्दल म्हटलं आहे.

मी कमळाकर. रसायनीच्या एका कारखान्यात हिशेबनीस होतो, आता निवृत्त आहे. घरात मी आणि विनिता. आमची एकुलती एक मुलगी अनुया नेदरलँड्समध्ये उट्रेख्त नावाच्या गावात नोकरी करते. या गावाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, म्हणून मी लोकांना ‘ॲमस्टरडॅमजवळ’ एवढंच सांगतो. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. एकदाही येणं झालं नाही. कधी रजा नाही, कधी घर बदललं, कधी आणखी काही.

दर रविवारी तिचा फोन येतो. ती विचारते, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो, तू? ती म्हणते, अजून नाही. मी विचारतो, थंडी आहे का. ती म्हणते, आहे. मग मी फोन विनिताकडे देतो आणि शेजारी बसून त्या दोघींचं बोलणं ऐकतो. रागरुसवा काही नव्हता. तिला सांगावं असं माझ्याकडे काही घडत नव्हतं, आणि विचारायचं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी ते कळत नसे. शेवटी थंडीवरच थांबायचो.

एका रविवारी मात्र थंडी विचारून झाल्यावर मी सहज सांगितलं की आपल्या सोसायटीतून एक सायकल चोरीला गेली. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची होती, साधं तारेचं कुलूप होतं.

फोनमध्ये एकदम जीव आला. अनुया म्हणाली, तारेचं कुलूप म्हणजे कुलूप नव्हेच, ते पक्कडीने तुटतं. मग तिने सांगितलं की तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिची सायकल गेली होती. दुसरी गेली तेव्हा कुलूप लावलेलं पुढचं चाक तेवढं खांबाला उरलं होतं. तिसऱ्या वेळी सीट. यातलं एक अक्षर आम्हाला माहीत नव्हतं. ती एकटी परक्या गावात एक चाक हातात घेऊन उभी होती आणि आम्ही इथे थंडी आहे का म्हणून विचारत होतो.

ती बोलतच राहिली. दोन कुलपं लावायची, तीही दोन प्रकारची, कारण चोर सहसा एकाच प्रकारचं हत्यार घेऊन येतो. साखळी सायकलच्या सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून घ्यायची आणि जी हलत नाही अशा वस्तूला बांधायची. विनिताने दोनदा हात पुढे केला, मी फोन दिला नाही. बोलणं संपू नये म्हणून मी विचारलं, मग आपण कुठलं कुलूप घ्यावं?

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही सायकल घेतली?”

आता हा आवाज कसा सांगू? ती पाच वर्षांची असताना मी ऑफिसातून लवकर घरी आलो की दारात जो आवाज यायचा, तो होता. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी जाऊन सायकल घेतली.

सायकल घरी आल्यावर विनिताने मला विचारलं की तुम्हाला चालवता येते का. कॉलेजात असताना यायची. सेक्टरच्या मागच्या रस्त्यावर दोन संध्याकाळी पडून झाल्यावर परत यायला लागली.

मग अनुयाने कुलूप पाठवलं. तिची एक मैत्रीण डोंबिवलीला येणार होती, तिच्या बॅगेत. त्या बिचारीला विमानतळावर बाजूला घेऊन बॅग उघडायला लावली होती, म्हणे. कुलूप म्हणजे बोटाएवढ्या जाड कड्यांची साखळी, वर काळ्या कापडाची खोळ. विनिताने ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, आकडा बघितला आणि म्हणाली, “जन्मली तेव्हा अनुया एवढी भरली नव्हती.” आणि साखळी उगाच थोडा वेळ हातात धरून उभी राहिली.

आता फोन रविवारची वाट पाहीनासा झाला. आज कुठे गेला होतात, सायकल कशाला बांधली, फोटो पाठवा. मी बाजारात जायचो ते भाजीसाठी नव्हे, तर सायकल कशाला तरी बांधण्यासाठी. माझ्या फोटोंवर तिचे शेरे यायचे. हे झाड फार कोवळं आहे. ही पाटी वरून उपसता येते. हे कुणाचं फाटक आहे, बाबा? ते फाटक एका दंतवैद्याचं होतं. त्यांचे पेशंट आत अडकून पडले होते, पण ते मी तिला सांगितलं नाही.

तर अशी माझी तयारी झाली असताना आमच्या सेक्टरच्या मैदानात कोकणी खाद्यमहोत्सव भरला. शेवटच्या दिवशी मी सायकलवर गेलो. मैदानाच्या तोंडाशी एक लोखंडी कमान नवरात्रापासून उभी होती. नवरात्र झालं, साड्यांचा सेल झाला, रक्तदान शिबिर झालं, कमान तिथेच. तिचे खांब जाळीदार, चौकोनी, माझ्या दुप्पट उंच. मी खांद्याने ढकलून पाहिलं, लाथ मारून पाहिली. खांब तसूभर हलला नाही. मी साखळी चाकातून, सांगाड्यातून आणि खांबाच्या जाळीतून ओवली, किल्लीचं भोक जमिनीकडे केलं आणि फोटो पाठवला. अनुयाचं लगेच उत्तर आलं : परफेक्ट.

शाळेतसुद्धा मला कुणी परफेक्ट म्हणालं नव्हतं.

आत शालोम भेटला. शालोम पेणकर, आमच्या शेजारच्या इमारतीत राहतो, माझा जुना मित्र. त्याची दोन्ही मुलं इस्राएलला असतात. बायको वारल्यावर तो एकटाच मागे राहिला. आम्ही घावने खाल्ले, आमसुलं घेतली, आणि कुणीतरी गळ्यात मारल्यासारखा एक फणसही घेतला. फणस सायकलवर मावेना. शालोमने रिक्षा बोलावली आणि सायकलचं काय म्हणून विचारलं. मी म्हणालो की हे कुलूप एक रात्र काय, महिनाभर एकटं राहील, सकाळी येऊन नेतो. खरं सांगायचं तर मला त्या कुलपाची परीक्षाच बघायची होती.

सकाळी गेलो तर मैदानात काहीच नव्हतं. सायकल नव्हती, साखळी नव्हती. कागदी द्रोण होते आणि दोन कुत्री होती.

मी इतका हबकलो की सायकल सोडून दुसरं काय नाही, ते माझ्या लक्षातच आलं नाही. तशात अनुयाचा फोन आला. मी म्हणालो, गेली.

तिने आधी मला धीर दिला आणि मग साखळीच्या तुकड्यांचा फोटो मागितला. मी म्हणालो, तुकडे नाहीत. ती बुचकळ्यात पडली. ही साखळी कापायची तर मोठं यंत्र लागतं, आवाज होतो, तुकडे पडतात. ज्याने एकही तुकडा मागे ठेवला नाही तो साधा चोर नव्हे, ही टोळी आहे, असं तिचं मत पडलं. तिने तिथूनच आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ यांना फोन लावला आणि सावध केलं.

दीनानाथ मुळातच सावध माणूस. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की परदेशी तज्ज्ञांच्या मते पनवेलमध्ये सायकली कुलपासकट नेणारी टोळी आली आहे. दुपारपर्यंत इमारतीतल्या यच्चयावत सायकली वरच्या मजल्यांवर जाऊ लागल्या. दीनानाथ स्वतः नातवाची सायकल घेऊन लिफ्टमध्ये शिरले, सायकलचं हँडल दारात अडकलं, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. त्यांना बाहेर काढेपर्यंत तोच निरोप पुण्याहून माझ्या मेहुणीने मला पाठवला. त्यात आता टोळी तीन जिल्ह्यांत पसरली होती, आणि पनवेलच्या एका वृद्धाला सायकलसकट पळवण्यात आलं होतं. जपून राहा भावोजी, असं तिने खाली लिहिलं होतं.

मग दुसऱ्या दिवशी पोलिसांत जाणं भागच होतं. शालोम बरोबर आला. हवालदार सज्जन होते. त्यांनी माझ्या फोनमधला कुलपाचा फोटो मोठा करून पाहिला, वर सांगितलेले गौरवोद्गार काढले आणि जागा पाहायला आमच्याबरोबर मैदानावर आले. सायकल कशाला बांधली होती, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, खांबाला. कुठल्या खांबाला? मी बोट दाखवलं. तिथे खांब नव्हता.

हवालदारांनी वहीतून मान वर केली. “म्हणजे खांबपण चोरीला गेला?”

शालोम आधी खोकला, आणि मग त्याला हसू आवरेना. कमान मांडववाल्यांची होती. महोत्सव संपला, ते रात्रीच सगळं उचलून घेऊन गेले. चोर मुळी नव्हताच. ज्याची जी वस्तू होती ती त्याने नेली होती, आणि माझं कुलूप इतकं चांगलं होतं की सायकल खांबाबरोबर गेली. हवालदारांनी वही मिटली आणि चहा पाजायची तेवढी अट घातली.

मांडववाल्यांचा ठिकाणा दीनानाथांकडे होता. सोसायटीच्या गणपतीला तेच येतात. गोदाम कोन गावात. आम्ही दोघे रिक्षाने निघालो. वाटेत मी शालोमला म्हणालो की आता अनुयाला सांगितलं पाहिजे. काल सकाळपासून तिचे चार वेळा फोन आले होते. ती ऑफिसला निघाली की फोन, सुटली की फोन. तिचा रस्ता मला आता पाठ झाला होता : आधी कालवा, मग विटांचा पूल, मग एक बेकरी, तिथे ती थांबते.

शालोम बाहेर बघत होता. म्हणाला, “माझी मुलं गुडघ्याची चौकशी करायला फोन करतात. गुडघा मागच्या वर्षीच बरा झाला. मी अजून सांगितलेलं नाही.”

कोनच्या गोदामाची मालकीण चंद्रावतीबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्यामागे धंदा त्या सांभाळतात. सायकलचा विषय काढताच त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

“तो तुमी काय? आमाला वाटला, खांब चोरायचा हाय म्हणून कोनी खूण बांधून ठेवली.”

बाईंच्या गोदामातून मागे खांब चोरीला गेले होते. त्यामुळे रात्री माणसांना खांबाला साखळी दिसली तेव्हा त्यांनी ठरवलं की हे खांब पळवणाऱ्यांचं काम आहे, आणि चोराची सायकल जप्त केली. साखळी तोडायचा प्रयत्न केला, करवतीची दोन पाती मोडली. शेवटी सायकलसकट खांब टेम्पोत चढवला. मी माफी मागून किल्ली दाखवली. पण सायकल तिथेही नव्हती. लग्नसराईत खांब कमी पडत होते, म्हणून तो खांब सकाळीच चिरनेर गावातल्या लग्नाला गेला होता. सायकलसकट.

आम्ही बाईंच्या टेम्पोतूनच चिरनेरला पोचलो. लग्न लागून पंगती उठल्या होत्या. मांडवाला गुलाबी झालरीचं कापड लावलेलं, आणि मागच्या बाजूचा एक खांब गरोदर दिसत होता. कापड बाजूला केलं तर आत माझी सायकल. कुणीतरी सीटवर पाण्याचा जग ठेवला होता. कुलूप शाबूत होतं. मी गुडघ्यावर बसून साखळी चाचपली. दोन ओरखडे होते, बाकी काही नाही. तिथूनच अनुयाला फोटो पाठवावा असं वाटलं, आणि हात खिशापर्यंत गेलाही.

तेवढ्यात मांडवात गलबला झाला. नवरी निघाली होती, तिच्यावर टाकलेल्या अक्षता आमच्याही डोक्यावर पडल्या. बाहेर गाडी उभी होती, नवरीची आई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि बाप जरा लांब उभा राहून गाडीच्या टपावरचे हार नीट करत होता. ते नीटच होते. मी शेजारच्या माणसाला विचारलं, मुलगी कुठे दिली. तो म्हणाला, “कोनला.”

कोनला. जिथून आम्ही आत्ताच आलो होतो. एवढ्याशा अंतरासाठी ही माणसं जीव काढून रडत होती. अनुया निघाली त्या दिवशी विमानतळावर आम्ही कुणीच रडलो नव्हतो. मी तिला पासपोर्ट घेतलास का विचारलं, ती हो म्हणाली, बॅगेचं वजन बरोबर भरलं म्हणून मला समाधान वाटलं, आणि ती काचेपलीकडे गेली. त्या बापाचे हात हारांवरून फिरताना बघून मला काय झालं कुणास ठाऊक. सायकलच्या हँडलला धरून मी जो रडायला लागलो तो थांबेना.

माणसं वळून बघायला लागली. एका म्हातारीने मला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. नवरीची आई क्षणभर रडायची थांबली. म्हातारीने शालोमला विचारलं, “मामा हाय का?”

“नाही,” शालोम म्हणाला, “सायकलवाले आहेत.” म्हातारीचं त्याने समाधान झालं. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

संध्याकाळी सायकल टेम्पोतून घरी आली. विनिताने तिचा फोटो काढला, माझाही काढला; माझ्या डोक्यावर अक्षता होत्या. अनुयाला कळवा, ती काळजीत आहे, असं मला बजावून ती आत गेली. मी फोन हातात घेतला आणि तो वाजला. अनुया विचारत होती, काही कळलं का, बाबा?

मी म्हणालो, तपास चालू आहे.

पुढचे काही दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात बोलके दिवस होते. सायकल बेडरूममध्ये, चादरीखाली. मी गॅलरीत, फोनवर. तपासाला काही ना काही प्रगती द्यावी लागत होती. हवालदार एकदा खारघरपर्यंत जाऊन आले. एका संशयिताच्या घरी चोवीस घंट्या सापडल्या, पण त्यातली एकही आपल्या घंटीसारखी वाजेना. हवालदारांना मी मिशा दिल्या, मग त्यांच्या मुलीचं लग्नही काढलं. अनुया हसायची, मध्येच विचारायची, आणि मग तिच्याकडचं सांगायची. बेकरीवाला तिला आता नावाने हाक मारतो. तिच्या ऑफिसात एक म्हातारा आहे, तो माझ्यासारखाच खोकतो. तो खोकला की ती मागे वळून बघते. विनिता आतून जाता-येता माझ्याकडे बघायची. मला वाटलं, ती कंटाळली.

शेवटी रविवारी मला राहवलं नाही. अनुया म्हणाली की ती तिथल्या एका जाणकाराला विचारून पोलिसांसाठी सविस्तर मेल लिहिते आहे. मी म्हणालो, नको लिहूस. सायकल मिळाली आहे. कधीच मिळाली आहे. ती मांडवाच्या खांबाबरोबर चिरनेरला गेली होती.

“माहीत आहे,” अनुया म्हणाली. “आईने त्याच संध्याकाळी फोटो पाठवला. तुमच्या डोक्यावर अक्षता का आहेत, तेवढं कळलं नाही.”

मी आतल्या दाराकडे बघितलं. विनिता पाठमोरी उभी राहून भाजी निवडत होती.

मग रोज विचारत का होतीस, मी म्हणालो. लांबून तिथल्या सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या. मग हळू आवाजात ती म्हणाली, “बाबा, माझी सायकल गेली. परवा. मी स्टँडपाशी उभी राहून खूप रडले. सायकलसाठी नाही. कुणाला सांगू, असं झालं.”

तीन वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहत होतो. मी तिला येऊन जा म्हणायला हवं होतं. आम्हाला तुझ्याशिवाय करमत नाही, हे तरी म्हणायला हवं होतं. आणि मी म्हणालो, “कुलूप कुठलं होतं?”

ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही.

“लावलंच नव्हतं. तुम्ही हवालदारांच्या मुलीच्या लग्नाचं रचून सांगत होतात ना, ते ऐकत ऐकत सायकल उभी केली आणि तशीच आत गेले.”

मी खुर्ची ओढून घेतली, आणि फोन तुझ्याकडे यायला आज वेळ लागेल, असं विनिताला हातानेच सांगितलं.